पाठ १७ : जुने घ्यावे की नवे?

प्रस्तावना

'जुने ते सोने' असे आपण म्हणतो. नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू वाहून तिचे कौतुकही आपणच करतो. वापरलेली दुचाकी घ्यावी की नवी, शिवणयंत्र दुरुस्त करावे की बदलावे, असे प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे येतात. अशा वेळी शेजारी एक सांगतो, दुकानदार दुसरे सांगतो आणि मनाला तिसरेच हवे असते. कष्टाने साठवलेला पैसा मात्र एकदाच खर्च होतो. म्हणून असा निर्णय विचारपूर्वक घेण्याची रीत शिकून घ्यावी लागते. या पाठात संगणकावरील खेळांसाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या उदाहरणातून ही रीत समजून घेऊ या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• ग्राफिक्स कार्डाचे कार्य सोप्या शब्दांत सांगणे.
• वस्तूची मागितलेली किंमत आणि पूर्ण किंमत यांतील फरक स्पष्ट करणे.
• जुन्या व नव्या वस्तूंची मुद्देसूद तुलना करणे.
• संकेतार्थी वाक्ये ओळखणे व त्यांची रचना करणे.

क्रियाकलाप

तुमच्या घरातील वापरलेली म्हणून विकत घेतलेली एखादी वस्तू आठवा. ती घेताना कोणते प्रश्न विचारले होते आणि कोणते विचारायचे राहून गेले, ते चार ओळींत लिहा. नंतर मूळ पाठ वाचा.

मूळ पाठ

१७.१ पिंजौरचा ट्रॅक्टर

चंदीगडहून कालक्याकडे जाताना शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी पिंजौर हे गाव लागते. हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यातील हे गाव मोगलकालीन उद्यानासाठी प्रसिद्ध आहे. मात्र शेतकऱ्यांना त्याचे नाव आणखी एका कारणाने परिचित झाले. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, या सरकारी कंपनीने १९६३ मध्ये येथे यंत्रनिर्मितीचा कारखाना सुरू केला. १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या तांत्रिक सहकार्याने येथे २५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. पुढे हा व्यवसाय तोट्यात गेला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली.

कारखाना बंद झाला म्हणून शेतातला ट्रॅक्टर त्याच दिवशी बंद पडत नाही. त्याचे इंजिन पूर्वीसारखेच चालते, नांगरही तेवढाच ओढला जातो. परंतु त्या यंत्राच्या पाठीशी उभा असलेला निर्माता आता राहिलेला नसतो. उद्या एखादा भाग तुटला तर तो कोठून आणावयाचा, हा प्रश्न मालकाचा स्वतःचा होतो. यंत्र आज चालते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. ते उद्या कोणाच्या आधारावर चालणार, हेही पाहावे लागते. ट्रॅक्टरला लागू पडणारी ही गोष्ट तळहाताएवढ्या यंत्रालाही तितकीच लागू पडते.

१७.२ एका घरातील प्रश्न

याच पिंजौरमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करू या. हे उदाहरण कल्पित आहे आणि त्यातील किमतीही उदाहरणापुरत्याच आहेत. कुटुंबातील वडील ट्रॅक्टरदुरुस्तीचे काम करतात. मोठी मुलगी एका दुकानात हिशेब लिहिते. धाकटा मुलगा दिवसा औषधांच्या दुकानात काम करतो आणि रात्री बारावीच्या परीक्षेचा अभ्यास करतो. २०२२ मध्ये अभ्यासासाठी घेतलेला संगणक घरात आहे. परीक्षेचे शुल्क बाजूला ठेवून त्याने वर्षभरात ३२ हजार रुपये साठवले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा खेळ त्याला खेळायचा आहे. परंतु घरच्या संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही.

त्याच्यापुढे तीन पर्याय आहेत. एक मित्र २०१७ सालचे जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड अगदी स्वस्तात देण्यास तयार आहे. चंदीगडमधील एका दुकानात २०२० सालचे आरटीएक्स ३०७० हे वापरलेले कार्ड २० हजारांना आहे. तिसरा पर्याय म्हणजे मे २०२५ मध्ये बाजारात आलेले आरटीएक्स ५०६० हे नवे कार्ड. त्याची किंमत ३१ हजार आहे.

"ताई, जुन्यात सरळ अकरा हजार वाचतात. वेगही जवळपास तेवढाच. मग नवे कशाला घ्यायचे?" त्याने विचारले.

"वाचतात, ते नेमके कुठे वाचतात हे कागदावर मांड पाहू," ताई म्हणाली. "आणि आपल्या संगणकात आधीपासून काय काय बसवले आहे, ते उघडून पाहिलेस का?"

हातपाय धुऊन आलेले बाबा म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेते तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकते. मी आधी विचारतो, याचा भाग उद्या मिळणार का? तू तुझ्या दुकानदाराला ते विचार."

त्या रात्री ताईने कागदावर तीन रकाने आखले आणि पहिल्या ओळीत लिहिले, 'आपले काम काय आहे?'

१७.३ ग्राफिक्स कार्डाचे काम

संगणकाच्या पडद्यावरील चित्र अगणित वाटणाऱ्या बारीक ठिपक्यांनी बनलेले असते. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. यांचा गुणाकार केला तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात. खेळ चालू असताना सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची असतील, तर प्रत्येक चित्र तयार करण्यास एका सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्या अवधीत प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा थोड्या पण अतिशय कुशल कारागिरांसारखा असतो. ग्राफिक्स कार्डावरील प्रोसेसरमध्ये मात्र हजारो साधे गणनघटक असतात आणि ते एकाच वेळी आपापल्या ठिपक्यांचा हिशेब करतात. हजार पणत्या लावावयाच्या असतील, तर एका निष्णात माणसापेक्षा शंभर साधी माणसे ते काम लवकर उरकतात, तसाच हा प्रकार आहे. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड आणताना 'जीपीयू' ही संज्ञा रूढ केली. आज या यंत्राचा उपयोग खेळांपुरता उरलेला नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत २०२० मध्ये उभारलेला 'परम सिद्धी–एआय' हा महासंगणकही अशाच प्रोसेसरांच्या बळावर चालतो.

वरील गणितातून निवडीचा पहिला नियम मिळतो. पडदा ३,८४० गुणिले २,१६० ठिपक्यांचा असेल, तर काम चौपट होते. उलट, घरचा पडदा सेकंदाला ६०च चित्रे दाखवू शकत असेल, तर सेकंदाला १४० चित्रे तयार करणाऱ्या कार्डाचे बळ त्या पडद्यावर पुरते दिसत नाही. म्हणून कार्डाची चौकशी करण्यापूर्वी घरातील पडदा आणि खेळावयाचे खेळ यांची नोंद करावी. उदाहरणातील मुलाचा पडदा सर्वसाधारण आकाराचा आणि ६० चित्रांचा आहे. सर्वांत महागडे कार्ड त्याच्या उपयोगाचे नाही, हे एवढ्या नोंदीवरूनच स्पष्ट होते.

पाठगत प्रश्न १७.१

योग्य पर्याय निवडून लिहा.
१. पिंजौर येथे एचएमटीचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले ते वर्ष :
(अ) १९६३ (आ) १९७१ (इ) १९९९ (ई) २०१६
२. ३,८४० × २,१६० ठिपक्यांच्या पडद्यावर सर्वसाधारण पडद्याच्या तुलनेत काम :
(अ) निम्मे होते (आ) तेवढेच राहते (इ) दुप्पट होते (ई) चौपट होते
३. वडिलांच्या मते यंत्र घेताना प्रथम विचारावयाचा प्रश्न :
(अ) त्याचा रंग कोणता? (आ) इंजिनाचा आवाज कसा? (इ) त्याचा भाग उद्या मिळेल का? (ई) शेजाऱ्याने कोणते घेतले?

१७.४ नावातील अंक

ग्राफिक्स कार्डांची नावे अंकांनी भरलेली असतात आणि ग्राहक बहुधा त्या अंकांतच गोंधळतो. एनव्हिडियाच्या कार्डांत पहिले दोन अंक पिढी दाखवतात आणि शेवटचे दोन अंक त्या पिढीतील दर्जा दाखवतात. ३०७० म्हणजे तिसाव्या मालिकेतील सत्तर क्रमांकाच्या दर्जाचे कार्ड. ५०६० म्हणजे पन्नासाव्या मालिकेतील साठ क्रमांकाच्या दर्जाचे. पहिले जुने असले तरी आपल्या पिढीत वरच्या पायरीवर होते. दुसरे नवे असले तरी आपल्या पिढीत खालच्या पायरीवर आहे.

निरनिराळ्या पिढ्यांतील गणनघटकांची नुसती संख्या पाहून तुलना करता येत नाही. ३०७० मध्ये ५,८८८ गणनघटक आहेत, तर ५०६० मध्ये केवळ ३,८४०. तरीही दोघांचा वेग एकमेकांच्या जवळपास येतो. याचे मोठे कारण असे की, जुन्या कार्डाचे घटक सुमारे १.७ गिगाहर्ट्झ वेगाने काम करतात, तर नव्याचे सुमारे २.५ गिगाहर्ट्झ वेगाने. माणसे कमी असली तरी हात जलद चालले, तर काम तेवढेच होते.

कधी कधी एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे विकली जातात. २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १०६० या कार्डाच्या ६ जीबी प्रकारात १,२८० गणनघटक होते, तर ३ जीबी प्रकारात १,१५२. आरटीएक्स ३०६० हे कार्डही १२ जीबी आणि ८ जीबी अशा दोन प्रकारांत आले आणि दुसऱ्या प्रकारात स्मृतीकडे जाणारा मार्गही अरुंद होता. म्हणून केवळ नाव ऐकून समाधान मानू नये. जीबीचा आकडा बिलावर लिहून घ्यावा.

१७.५ मागितलेली किंमत आणि पूर्ण किंमत

ताईने संगणकाचा डबा उघडून आतील वस्तूंची यादी केली. वीज पुरवणारा एसएमपीएस ५५० वॉटचा होता. ३०७० हे कार्ड पूर्ण क्षमतेने चालताना २२० वॉट वीज घेते आणि त्यासाठी ६५० वॉटचा एसएमपीएस असावा, अशी निर्मात्याची शिफारस आहे. ५०६० हे कार्ड १४५ वॉट घेते आणि त्याला ५५० वॉटचा एसएमपीएस पुरतो. म्हणजे जुने कार्ड घेतल्यास चांगल्या प्रतीचा एसएमपीएसही घ्यावा लागणार. त्याची किंमत उदाहरणात पाच हजार धरू या.

यानंतर विजेचा हिशेब येतो. दोन कार्डांतील फरक ७५ वॉटचा आहे. रोज तीन तास खेळ चालला, तर दिवसाला २२५ वॉट-तास आणि वर्षाला सुमारे ८२ युनिट वीज जास्त लागेल. युनिटला सात रुपये धरले, तर वर्षाला सुमारे ५७५ रुपये आणि चार वर्षांत २,३०० रुपये होतात. ताईचा कागद आता असा दिसू लागला :

जुने कार्ड (आरटीएक्स ३०७०)
किंमत : २०,००० रुपये
नवा एसएमपीएस : ५,००० रुपये
चार वर्षांची जादा वीज : २,३०० रुपये
एकूण : २७,३०० रुपये

नवे कार्ड (आरटीएक्स ५०६०)
किंमत : ३१,००० रुपये
एकूण : ३१,००० रुपये

अकरा हजारांचा फरक आता ३,७०० रुपयांवर आला. चार वर्षांच्या वापरात तो महिन्याला सुमारे ७७ रुपये पडतो. नव्या कार्डावर तीन वर्षांची वॉरंटी आहे, जुन्यावर ती नाही. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण येथे पुरती लागू पडत नसली, तरी मसाल्याचा खर्च कोंबडीच्या दरात धरला पाहिजे, एवढे तिच्यावरून निश्चित समजते.

हिशेबाला एक दुसरी बाजूही आहे. आज हातातून जाणारी रक्कम जुन्या कार्डासाठी २५ हजार आणि नव्यासाठी ३१ हजार आहे. ज्याला ते वरचे सहा हजार आज अन्य गरजेसाठी हवे आहेत, त्याच्यासाठी चार वर्षांच्या बेरजेपेक्षा आजची वजाबाकी महत्त्वाची ठरते.

नवे कार्ड जुन्या संगणकात बसवताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डाशी अनेक समांतर मार्गिकांनी जोडलेले असते. काही स्वस्त नव्या कार्डांत या मार्गिका कमी ठेवलेल्या असतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डात त्या चारच होत्या. चौथ्या पिढीच्या जोडणीवर ते बरे चालत असे. तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डावर मात्र अनेक खेळांत त्याचा वेग लक्षणीय घटत असे. ५०६० मध्ये अशा आठ मार्गिका आहेत आणि उदाहरणातील मदरबोर्ड चौथ्या पिढीचा आहे, म्हणून त्या मुलाला मोठी अडचण नाही. तो त्याहून जुना असता, तर ताईच्या कागदावर नव्या कार्डाच्या विरुद्ध एक ओळ वाढली असती.

१७.६ पाठीशी कोण उभे आहे?

मित्राने देऊ केलेले जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड मार्च २०१७ मध्ये आले, तेव्हा ते अत्यंत सामर्थ्यवान गणले जात होते. त्याची स्मृती ११ जीबी, म्हणजे उरलेल्या दोन्ही कार्डांच्या ८ जीबीहून अधिक आहे. असे असूनही मुलाला हवा असलेला खेळ त्यावर चालणार नाही. प्रकाशकिरणाचा मार्ग गणिताने शोधून छाया आणि प्रतिबिंबे दाखवण्याच्या पद्धतीला 'रे-ट्रेसिंग' म्हणतात. तिच्यासाठी लागणारे खास घटक एनव्हिडियाने २०१८ पासूनच्या आरटीएक्स मालिकेत दिले. २०२४ च्या त्या खेळाला हे घटक असणे अनिवार्य आहे. जुन्या कार्डात ते नाहीत आणि मागाहून बसवताही येत नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ड्रायव्हर. कार्ड आणि संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. नवा खेळ आला की निर्माते त्याच्यासाठी ड्रायव्हरमध्ये सुधारणा करतात. जीटीएक्स १० मालिकेसाठी अशा सुधारणा ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळतील आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतील, असे एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केले. कार्ड त्यानंतरही चालते, जुने खेळही चालतात. परंतु नव्या खेळांसाठी दुभाषा नवे शब्द शिकत नाही. पिंजौरच्या ट्रॅक्टरची गोष्ट येथे पुन्हा आठवते. यंत्र धडधाकट असते, पण पाठीशी उभा असलेला निर्माता हळूहळू बाजूला होतो.

बाबांचा प्रश्न म्हणूनच मोलाचा होता. २०२० च्या कार्डाला हा आधार आणखी काही काळ मिळण्याची अपेक्षा ठेवता येते आणि २०२५ च्या कार्डाला त्याहूनही अधिक. वस्तूचे वय मोजताना 'किती वर्षे वापरली' याबरोबरच 'किती वर्षे उरली' हेही मोजावे, ते यासाठी.

१७.७ जुने कार्ड घ्यावयाचे झाल्यास

जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. एक यंत्र अधिक वर्षे वापरले गेले, तर ई-कचरा तेवढा उशिरा निर्माण होतो आणि घरचा पैसाही वाचतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस अशा बाजारांतून पुष्कळ लोक पारखून जुने भाग घेतात. मात्र 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' हे ध्यानात ठेवावे.

काही वर्षांपूर्वी इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवली जात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली आणि ही कार्डे त्या कामासाठी निरुपयोगी ठरली. त्यांतील अनेक कार्डे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही; पण त्याचे पंखे झिजलेले आणि उष्णता वाहून नेणारा लेप सुकलेला असण्याचा संभव असतो. याशिवाय जुन्या कार्डाची अंतर्गत माहिती बदलून ते नव्या नावाने विकण्याचे प्रकारही घडलेले आहेत. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

• कार्ड प्रत्यक्ष संगणकात बसवून, किमान अर्धा तास एखादा जड खेळ चालवून पाहावे.
• पडद्यावर रंगीत ठिपके, रेषा किंवा चित्र गोठणे असे काही दिसल्यास व्यवहार थांबवावा.
• पंखे सर्व फिरतात का आणि खरखर येते का, ते ऐकावे.
• जीपीयू-झेड या मोफत आज्ञावलीने कार्डाचे खरे नाव, स्मृती व गणनघटक तपासावेत.
• मूळ बिल मागावे. वॉरंटी उरली असल्यास ती नव्या मालकाला मिळते का, हे अनुक्रमांकावरून विचारावे.
• दुकानदार तपासणीसाठी काही दिवसांची मुदत देत असेल, तर ती बिलावर लिहून घ्यावी.

१७.८ निर्णय

रविवारी सकाळी तिघांनी कागद पुन्हा वाचला. मित्राचे कार्ड मनपसंत खेळ चालवू शकत नव्हते, म्हणून तो रकाना खोडला गेला. उरलेल्या दोहोंत चार वर्षांचा फरक ३,७०० रुपयांचा होता.

"समज, जुने कार्ड सहा महिन्यांत बंद पडले," ताईने विचारले, "तर पुन्हा वीस हजार जमवायला तुला किती दिवस लागतील?"

"सात-आठ महिने तरी लागतील," तो म्हणाला.

"मग वॉरंटीची किंमत काय, ते तूच ठरव."

त्याने नवे कार्ड घेण्याचे ठरवले. परंतु त्याआधी नव्या कार्डाच्या उणिवेचीही नोंद केली. ८ जीबी स्मृती काही नव्या खेळांत सर्वोच्च दर्जाच्या चित्रांना अपुरी पडते, तेव्हा चित्रांचा दर्जा एक पायरी खाली ठेवावा लागेल. ही उणीव मान्य करून घेतलेला निर्णय पुढे पश्चात्तापाचे कारण होत नाही.

हाच निर्णय सर्वांना योग्य ठरेल असे नाही. ज्याच्याकडे ६५० वॉटचा एसएमपीएस आहे, जो रोज तासभरच खेळतो आणि ज्याला कार्डाची पारख आहे, त्याच्यासाठी जुने कार्डच शहाणपणाचे ठरेल. ज्याला फक्त जुने, हलके खेळ खेळावयाचे आहेत, त्याला कदाचित यांपैकी एकही कार्ड नको असेल. वस्तू जुनी की नवी, हा प्रश्न शेवटी विचारावा. आपली गरज किती, सोबतची साधने कोणती, पूर्ण खर्च किती आणि उद्याचा आधार कोणाचा, हे चार प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे कागदावर उतरली, की जुन्या-नव्याचे उत्तर बहुधा आपोआप मिळते.

पाठगत प्रश्न १७.२

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ५०६० या नावातील पहिले दोन अंक काय दाखवतात?
२. जुने कार्ड घेतल्यास त्या मुलाला आणखी कोणती वस्तू घ्यावी लागणार होती?
३. जीटीएक्स १०८० टीआय या कार्डावर मुलाला हवा असलेला खेळ का चालणार नव्हता?
४. ड्रायव्हरला पाठात कोणाची उपमा दिली आहे?

भाषाभ्यास

(अ) संकेतार्थी वाक्य
पुढील वाक्य वाचा : 'मदरबोर्ड त्याहून जुना असता, तर ताईच्या कागदावर एक ओळ वाढली असती.'
येथे एक गोष्ट घडली असती तर दुसरी घडली असती, असा संकेत आहे. ज्या वाक्यातील क्रियापदावरून अशी अट व्यक्त होते, त्यास संकेतार्थी वाक्य म्हणतात. मराठीत अट दाखवण्यासाठी 'जर… तर' ही जोडी येते. बोलताना व लिहिताना 'जर' पुष्कळदा गाळला जातो.

(आ) म्हणी
'जुने ते सोने', 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला', 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' या म्हणी पाठात आल्या आहेत. म्हण थोडक्या शब्दांत अनुभव सांगते, पण ती प्रत्येक प्रसंगाला जशीच्या तशी लागू होत नाही. पाठात दुसरी म्हण कोणत्या मर्यादेसह वापरली आहे, ते पुन्हा वाचा.

(इ) शब्दार्थ
निष्णात – तरबेज, कुशल
अनिवार्य – टाळता न येणारे
दुभाषा – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा
लक्षणीय – ध्यानात येण्याजोगे
धडधाकट – सुस्थितीतील, मजबूत

तुम्ही काय शिकलात?

• ग्राफिक्स कार्ड हजारो गणनघटकांच्या साहाय्याने पडद्यावरील चित्र तयार करते.
• मागितलेल्या किमतीत सोबतची साधने, वीज आणि बिघाडाचा धोका मिळवला म्हणजे पूर्ण किंमत समजते.
• यंत्राचे उरलेले आयुष्य निर्मात्याच्या आधारावरही अवलंबून असते.
• एकाच वस्तूबाबत दोन माणसांचे निर्णय भिन्न असूनही दोन्ही योग्य असू शकतात.

पाठान्त प्रश्न

१. 'यंत्र आज चालते की नाही, एवढेच पाहून भागत नाही' या विधानाचा अर्थ ट्रॅक्टर व ग्राफिक्स कार्ड यांच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ताईच्या बोलण्यातून तिच्या स्वभावाचे कोणते विशेष दिसतात, ते लिहा.
३. एका विद्यार्थ्याकडे ६५० वॉटचा एसएमपीएस आधीच आहे आणि तो रोज एक तास खेळतो. पाठातील किमती व वीजदर घेऊन त्याच्यासाठी दोन्ही कार्डांचा चार वर्षांचा हिशेब मांडा.
४. पुढील वाक्यांचे संकेतार्थी वाक्यात रूपांतर करा :
(क) त्याने बिल घेतले नाही. त्याला वॉरंटी मिळाली नाही.
(ख) तिने डबा उघडून पाहिला. खर्चाचा अंदाज आला.
५. जुना मोबाइल घ्यावा की नवा, याविषयी धाकट्या भावंडाला सल्ला देणारे पत्र सुमारे १५० शब्दांत लिहा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १७.१ : १. (आ) २. (ई) ३. (इ)

पाठगत प्रश्न १७.२ : १. पहिले दोन अंक कार्डाची पिढी दाखवतात. २. जास्त क्षमतेचा, म्हणजे ६५० वॉटचा एसएमपीएस घ्यावा लागणार होता. ३. त्या खेळासाठी अनिवार्य असलेले रे-ट्रेसिंगचे घटक त्या कार्डात नव्हते. ४. ड्रायव्हरला दुभाष्याची उपमा दिली आहे.

पाठान्त प्रश्न ३ साठी पडताळा : चार वर्षांची जादा वीज सुमारे ७६७ रुपये, जुन्या कार्डाचा एकूण खर्च सुमारे २०,७६७ रुपये, नव्या कार्डाशी फरक सुमारे १०,२३३ रुपये. एवढा फरक असताना तुम्ही कोणता निर्णय घ्याल आणि का, ते दोन वाक्यांत लिहा.